सन सिटीतील जुनी लिंकन

अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यात, फीनिक्स महानगराच्या वायव्येस सुमारे ३० किलोमीटरवर सन सिटी नावाची वसाहत आहे. एके काळी येथे कापसाची शेते होती. डेल वेब या बांधकाम व्यावसायिकाने त्या शेतांवर केवळ निवृत्तांसाठी गाव वसविण्याचे ठरविले आणि १ जानेवारी १९६० रोजी पाच नमुना घरे पाहण्यासाठी खुली केली. पहिल्या तीन दिवसांतच सुमारे एक लाख माणसे ती पाहून गेली. आजही येथील प्रत्येक घरात निदान एक व्यक्ती ५५ वर्षांची असावी लागते. वर्तुळाकार रस्ते, हिरवळीऐवजी खडी अंथरलेली अंगणे, मधूनच संत्र्याची झाडे आणि मार्च महिन्यात त्यांच्या फुलांचा दाट सुगंध. रस्त्यांवरून मोटारींबरोबर गोल्फ कार्टही बिनधास्त धावत असतात. ना घाई, ना हॉर्नचा आवाज.

या निवांत गावी मी गेलो तो एक जुनी मोटार पाहण्यासाठी. माझा भाचा फीनिक्सला नोकरीस आहे. अक्का व भाऊजी हिवाळ्यात काही महिने त्याच्याकडे असतात. अक्कांचे गुडघे दुखतात. भाच्याच्या उंच गाडीत चढणे त्यांना जड जाते. म्हणून त्याच्या मनात आले, की रुंद दारांची, मऊ बैठकीची, जुन्या घाटाची अमेरिकन सेडान घ्यावी. "मामा, अशा गाड्या जपलेल्या स्थितीत मिळतात त्या सन सिटीतच," तो म्हणाला.

त्याच्या मनात होती ती लिंकन टाउन कार. स्वतंत्र मॉडेल म्हणून ही मोटार १९८१ ते २०११ अशी तीस वर्षे निघाली. प्रथम मिशिगनमधील विक्सम येथे आणि अखेरची काही वर्षे कॅनडातील सेंट थॉमस येथे. लांबी जवळजवळ साडेपाच मीटर. ट्रकप्रमाणे स्वतंत्र पोलादी सांगाड्यावर बसविलेली बॉडी, पुढे आठ सिलिंडरांचे इंजिन आणि मागील चाकांना गती. पुढची बैठक सलग बाकासारखी असली, की सहा माणसे सहज मावतात. विमानतळावर पाहुण्यांना आणणारे चालक वर्षानुवर्षे हीच मोटार वापरीत आणि त्यांच्या हाती ती लाखो मैल चालत असे. तिचा टिकाऊपणा त्यातून सिद्ध झाला आहे.

अशी मोटार अ‍ॅरिझोनातच शोधण्याचे कारण म्हणजे हवा. उत्तरेकडील राज्यांत बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते सांगाड्याला खालून गंज चढविते. इथे मीठ नाही, ओलही नाही. दोन दशकांच्या मोटारीखाली वाकून पाहिले तर पोलाद कोरडे, स्वच्छ दिसते. मात्र जी हवा लोखंड राखते तीच रबर खाते. उन्हाळ्यात येथे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. डॅशबोर्डला भेगा पडतात, छताचे कापड सुटते, टायर आतून कडक होतात आणि बॅटरी दोन-तीन वर्षांत दम तोडते.

पहिली मोटार आम्ही पाहिली तिचा ओडोमीटर अवघे १९ हजार मैल दाखवीत होता. अमेरिकेत एक माणूस वर्षाकाठी साधारण १३ हजार मैल मोटार चालवितो. म्हणजे वीस वर्षांत हिची दीड वर्षाचीही मजल झाली नव्हती. रंग आरशासारखा, आसनांचे चामडे नवे. भाचा हरखून गेला. पण मालक दर उन्हाळ्यात उत्तरेकडे जात, तेव्हा मोटार सहा-सहा महिने जागची हलत नसे, आणि गेली तीन वर्षे तर ते आलेच नव्हते. टायरच्या कडेवरील चार आकड्यांपैकी पहिले दोन निर्मितीचा आठवडा सांगतात व पुढचे दोन वर्ष. येथे ते ३१०९ होते, म्हणजे २००९ सालचा एकतिसावा आठवडा. नक्षी खोल होती, पण कडांना बारीक चिरा गेल्या होत्या. टाउन कारच्या मागच्या बाजूस पोलादी स्प्रिंगऐवजी हवा भरलेल्या रबरी पिशव्या असतात. त्या गळू लागल्याने मोटार मागे खाली बसली होती. गिअरचे तेल तांबडे असावयाचे ते तपकिरी झाले होते. न वापरल्यामुळे ती नवी राहिली नव्हती, नुसतीच म्हातारी झाली होती.

दुसरी मोटार तीन रस्ते पलीकडे, एका कारपोर्टखाली उभी होती. मॉडेल २००४ चे, फिकट सोनेरी रंगाचे. आकडा ३८ हजारांचा, म्हणजे पहिलीच्या दुप्पट. मालकीणबाईंचे वय ८६. पती चार वर्षांपूर्वी वारले. दाराच्या कडेला एक बारीक पोचा होता. तो बाईंनी आम्ही विचारण्याआधीच दाखविला. मग त्यांनी एक वही पुढे केली. पतीच्या रेखीव अक्षरात प्रत्येक ऑइल बदल, प्रत्येक बॅटरी, कूलंट, ब्रेक यांच्या तारखा आणि त्या दिवशीचे मैल लिहिलेले. २०१० व त्यापूर्वीच्या मोटारींच्या विक्रीत ओडोमीटरचा आकडा लेखी देण्याची सक्ती संघीय नियमांत आता नाही. म्हणून आकड्यामागे अशी वही किंवा गॅरेजच्या पावत्या असल्या, तरच त्या आकड्याला अर्थ. चार वर्षांपूर्वी वहीतील हस्ताक्षर बदलले होते, नोंदी मात्र थांबल्या नव्हत्या. "दर मंगळवारी वीस मिनिटे तरी गाडी बाहेर काढ, असे ते सांगून गेले होते," बाई म्हणाल्या.

भाच्याने सतरा अक्षरांकांच्या ओळखक्रमांकावरून मोटारीचे पूर्ववृत्त मागविले. अपघात नव्हता, वहीशी आकडे जुळत होते. ओळखीच्या नसलेल्या मेकॅनिककडे तिला वर उचलून तपासले. १९९६ ते २००१ च्या काही मोटारींत इंजिनावरील प्लॅस्टिकचा मॅनिफोल्ड तडकून कूलंट गळत असे. ही त्या काळानंतरची. रात्रभर उभी ठेवून सकाळी पाहिले, मागची बाजू खाली बसली नव्हती. टायर तेवढे आठ वर्षांचे होते. बाईंनी सांगितलेली किंमत ७,५०० डॉलर. भाच्याने टायरचे ६०० वजा करून ६,९०० सांगितले आणि हिशेब त्यांच्यापुढे मांडला. त्यांनी तो नीट वाचून मान डोलावली. आणखी घासाघीस करता आली असती. त्याने केली नाही, हे मला आवडले.

कारण विक्री कशाची चालली होती, हे त्या अंगणात कळत होते. आपल्याकडे मोटार नसली तरी रिक्षा आहे, एस.टी. आहे, शेजारचा मुलगा आहे. या देशात बहुतेक ठिकाणी दवाखाना, बाजार, मैत्रिणीचे घर सारे मोटारीच्या अंतरावर. किल्ली ठेवून देणे म्हणजे आपल्या मर्जीने उठून कोठेही जाण्याचा हक्क ठेवून देणे. बाईंची दृष्टी मंदावली होती. कोणी सांगण्याआधी त्यांनीच तो निर्णय घेतला होता. सन सिटीने त्यांच्यासाठी एक मधली पायरी ठेवली आहे. शेजारीण आपल्या गोल्फ कार्टमधून त्यांना किराण्याच्या दुकानात आणि पोहण्याच्या तलावावर नेणार होती.

"चालविणार कोण?" एवढेच त्यांनी विचारले. भाच्याने अक्कांच्या गुडघ्यांविषयी सांगितले. त्यांनी मागचे दार उघडून आसनावर हात फिरविला आणि म्हणाल्या, "बसायला सोपी आहे." अ‍ॅरिझोनात विक्रेत्याला मालकीपत्रावर नोटरीसमोर सही करावी लागते, ती त्यांनी बँकेत जाऊन केली, दोन्ही किल्ल्या दिल्या आणि वहीही दिली.

कमी चाललेली मोटार शोधणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे, की आकडा शेवटी पाहा. आधी ती कोणी, कशी आणि किती नियमाने वापरली ते पाहा. वस्तू जपणे म्हणजे ती झाकून ठेवणे नव्हे. तिला चालती ठेवणे आणि चालविल्याची नोंद ठेवणे. भाच्याने नवे टायर बसविले त्या दिवशी वहीत तिसऱ्या हस्ताक्षरातील पहिली ओळ लिहिली गेली. त्यानंतरची ओळ मंगळवारची आहे.