वस्त्रगाळ

इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली की पहिल्याच सुट्टीत घरी जाऊन सगळ्यांना शहाणपण शिकवायचं, हा आपल्या जमातीचा अलिखित नियम. मीही पाळला. गावी विहिरीचं पाणी. आजी जुन्या लुगड्याची चौपदरी घडी हंड्याच्या तोंडाला बांधून गाळायची. मी म्हटलं, "आजी, पटकीचा जंतू एक-दोन मायक्रॉनचा. तुझ्या कापडाची भोकं त्याच्या दसपटीहून मोठी. कशाला उगाच?" ती काही बोलली नाही. गाठ तेवढी घट्ट केली.

तिसऱ्या वर्षी सेमिनारला 'पाण्यातून पसरणारे रोग' हा विषय गळ्यात पडला आणि रीटा कोलवेल यांची ओळख झाली. या अमेरिकन बाई. १९५६ च्या सुमारास पुढच्या शिक्षणासाठी फेलोशिप मागितली, तर विभागप्रमुखांनी 'बायकांना देत नाही' म्हणून वाटेला लावलं. तरी त्या शिकल्या आणि पटकीच्या जंतूमागे लागल्या. साथ नसते तेव्हा हा जंतू असतो कुठे? त्यांनी दाखवलं की तो खाडीच्या, नदीच्या पाण्यातच राहतो, बारीक प्लवकांच्या अंगाला चिकटून. कित्येक वर्षं इतर शास्त्रज्ञांना हे पटत नव्हतं.

आता गंमत बघा. जंतू कापडातून जातो, पण प्लवक मोठे, ते अडकतात! बांगलादेशात सरपण महाग, पाणी रोज उकळणं गरिबाला जमत नाही. तिथल्या मतलब भागात ६५ गावांत अभ्यास झाला. बायकांनी जुनी साडी किमान चार वेळा दुमडून पाणी गाळलं. जुनीच, कारण वापरून धागे फुगतात आणि भोकं बारीक होतात. २००३ मध्ये निष्कर्ष छापून आला : पटकीचे रुग्ण ४८ टक्क्यांनी कमी.

माझं मायक्रॉनचं गणित बरोबर होतं. जंतू एकटा फिरत नाही, हे ठाऊक नव्हतं.

रात्री फोन करून आजीला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझा धाकटा भाऊ पटकीनं गेला. सकाळी खेळत होता, रात्री नव्हता. तेव्हापासून आमच्या आईनं न गाळलेलं पाणी घरात घेतलं नाही."

"मग त्या दिवशी का नाही बोललीस?"

"तू कुठं विचारलंस, बाबा?"

कापडानं सगळं अडत नाही, निम्मं उरतंच. म्हणून आता सुट्टीत पाणी आधी गाळतो, मग उकळतो. गाठ मात्र आजीच बांधते. माझी सैल पडते म्हणे.