धिरड्याच्या भिंगातून वाई

वाईला लोक जातात ते कृष्णेच्या घाटांसाठी आणि ढोल्या गणपतीसाठी. आमच्यासारख्या मराठीच्या मास्तरांना विश्वकोशाचे गाव म्हणूनही तिची ओढ असते. गेल्या माघात मी गेलो तो मात्र वेगळ्याच कारणाने. ऐंशी वर्षांच्या आईला आपले माहेर पुन्हा एकदा पाहायचे होते, आणि मला त्या माहेरातली आई टिपून ठेवायची होती.

अडचण एवढीच की, कॅमेऱ्यावरचे तोफेसारखे झूम भिंग दिसले रे दिसले, की आई पदर सारखा करते, ओठ मिटते आणि पेन्शनच्या कागदाला फोटो काढायला बसल्यासारखी बसते! म्हणून या खेपेला मी एक चपटे भिंग घेतले. विलायतेत त्याला ‘पॅनकेक’ म्हणतात. आपण धिरडे म्हणू या.

एसएलआर कॅमेऱ्यात भिंगामागे आरसा हलतो. त्याला जागा द्यायची, तर भिंगाची बैठक सेन्सरपासून चारसाडेचार सेंटिमीटर पुढे ठेवावी लागते. त्यामुळे चाळीस-पंचेचाळीस मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग थोड्या काचांत, चपटे करणे सोपे जाते. पॉल रुडॉल्फने झाइससाठी १९०२ साली रचलेल्या ‘टेसार’मध्ये अवघ्या चार काचा होत्या. निकॉनचे २००१ सालचे ४५ मिलिमीटरचे धिरडे त्याच घाटाचे. पेंटॅक्सने २००४ साली काढलेले ४० मिलिमीटरचे तर जाडीला जेमतेम १५ मिलिमीटर!

पण निवडताना नुसती जाडी पाहून भागत नाही. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीहून १.६ पटीने लहान. त्यावर ४० चे भिंग ६४ सारखे वागते : चेहऱ्याला उत्तम, पण माजघरात भिंतीला पाठ टेकली तरी माणूस अर्धाच मावतो. २४ चे भिंग ३८ सारखे. त्यात माणूस आणि त्याचे घर दोन्ही येतात. म्हणून कॅननचे २०१४ सालचे २४ मिलिमीटरचे, १२५ ग्रॅमचे भिंग मी वापरलेले घेतले. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ते चालत नाही. तिथे त्यांचेच २०१२ सालचे ४० चे पाहावे. वापरलेले भिंग घेताना आत बॅटरीचा झोत टाकून बुरशीचे जाळे नाही ना, हे जरूर बघावे. आपल्याकडचा पावसाळा काचांना सोडत नाही.

ढोल्या गणपतीचे देऊळ रास्त्यांनी १७६२ साली बांधले. पुराचे पाणी दुभंगून जावे म्हणून त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची केली आहे. ती नीट टिपायला मला घाटाच्या पायऱ्या चारदा चढाव्या-उतराव्या लागल्या, कारण या भिंगाला झूम नाही. पुढेमागे आपणच व्हायचे. मग तीन किलोमीटरवरची मेणवली. नाना फडणीसांचा वाडा पाहून घाटावर उतरलो. तिथे चिमाजीअप्पांच्या १७३९ च्या वसईविजयानंतर आलेली पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. तिच्या लहानशा घुमटीतला अंधुक उजेड एफ २.८ च्या छिद्राला पुरला. पैलतीरावरचा बगळा मात्र चित्रात तांदळाएवढा आला. ते या भिंगाचे काम नव्हे.

दुपारी मामींच्या ओटीवर आई आणि मामी पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या. बोलणे चालले होते साठ वर्षांपूर्वीच्या एका मंगळागौरीचे. मी हातभर अंतरावर कॅमेरा मांडीवर घेऊन बसलो होतो. मध्येच आई म्हणाली, “अरे, आज कॅमेरा आणला नाहीस का?”

तोवर माझी सहा चित्रे घेऊन झाली होती. त्यांतल्या एकात आई तोंडाचे बोळके उघडे टाकून हसते आहे. पदर घसरला आहे आणि त्याची तिला शुद्ध नाही. घरात तिचे असे दुसरे चित्र नाही.

एक प्रत मामींनाही धाडली. त्यांचा लगेच फोन आला : “सुपात माझ्याच बाजूला जास्त दाणे दिसताहेत हो! वन्सं नुसत्याच हसत होत्या, हे पुराव्यानिशी सापडलं!”