दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले

परवा आमची भाची म्हणाली, "मामा, दुसऱ्यांनी लिहिलेलं आपल्या प्रोग्राममध्ये घ्यायचं, म्हणजे कॉपीच की!" ती इंजिनिअरिंगला आहे, जावा शिकते. त्याच भाषेवर आमचा संसार उभा आहे. तिचे बोलणे ऐकून आम्हाला आमचेच जुने खूळ आठवले.

२००९ साली आम्ही एका संस्थेच्या शिष्यवृत्तीचे काम करीत होतो. अर्जाची शेवटची तारीख ३१ मार्च. जावाच्या जुन्या कॅलेंडरमध्ये महिने शून्यापासून मोजतात. जानेवारी शून्य, मार्च दोन. आम्ही साध्या माणसासारखे तीन लिहिले, म्हणजे झाला एप्रिल. बरे, एप्रिलला ३१ तारीख नसते, तर त्याने हरकत घ्यावी की नाही? त्याने निमूटपणे १ मे करून टाकले! पत्रे छापली, घरोघर पोचली. मार्चअखेर एका मुलीचे वडील कात्रण घेऊन आले. "पेपरात ३१ मार्च, तुमच्या पत्रात १ मे. पोरीचं वर्ष जाईल साहेब, खरं काय ते सांगा." दोन दिवस आम्ही एकेकाला फोन लावत बसलो. तरीही दोघांचे अर्ज मुदतीत आले नाहीत. ती नावे आम्ही विसरलेलो नाही.

त्या वेळी स्टीफन कोलबोर्न यांची जोडा-टाइम ही लायब्ररी फुकट मिळत होती. तिच्यात मार्च म्हणजे तीनच, आणि ३१ एप्रिल लिहिले तर ती तिथल्या तिथे चूक दाखवते. आम्हाला ती ठाऊक होती. पण आपले आपण लिहू, ही ऐट! पुढे २०१४ साली जावा ८ मध्ये त्याच धर्तीची व्यवस्था भाषेतच आली. त्या कामातही कोलबोर्न होते. आता नव्या कामाला जोडा-टाइम लागत नाही, तिचे कर्तेच तसे सांगतात.

अपाचेची कॉमन्स लँग मात्र आजही आमच्या हाताशी असते. अर्जात आईचे नाव भरलेले नसले की छापील कागदावर त्या जागी 'नल' उमटायचे. किती वाईट दिसे ते! तिच्यातले 'इजब्लँक' हे 'नल', रिकामे आणि नुसत्या मोकळ्या जागा, तिन्ही एका फटक्यात ओळखते. जावा ११ मध्ये, २०१८ साली, त्याच नावाची सोय आली खरी, पण 'नल' समोर आला की ती कोसळते. गूगलची ग्वावाही चांगली आहे. एका किल्लीला अनेक किमती जोडायच्या असतील तर तिचा मल्टिमॅप घ्यावा.

भाचीची शंका अगदीच पोकळ नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीत मोठे भगदाड सापडले. बाहेरच्याने विशिष्ट मजकूर पाठवायचा आणि लायब्ररीने तो नोंदवताना परका कोड आणून चालवायचा, असा प्रकार. आम्ही ती घेतलीच नव्हती, दुसऱ्या एका लायब्ररीने तिला सोबत आणले होते. रात्रभर शोधत बसलो. आणि ती सांभाळणारी मंडळी कोण? बहुतेक आपला फावला वेळ देणारी. त्यांच्यावर रागवायचे तरी कसे?

हे सारे सांगून झाल्यावर भाची थोडा वेळ गप्प बसली. मग वही पुढे ओढून म्हणाली, "मामा, ते तारखेचं आधी दाखवा."