वाचणाऱ्याच्या हाती

नव्याने लिहू लागलेली मंडळी आम्हांला नेहमी विचारतात, की लेखन परिणामकारक व्हावे यासाठी काय करावे? त्यांच्या मनात बहुधा शैली असते. सुंदर शब्द, चपखल उपमा, मनात रेंगाळणारा शेवट. आम्ही त्यांना उलट विचारतो, ‘तुमचा लेख वाचून झाल्यावर वाचणाऱ्याने काय करावे, असे तुम्हांला वाटते?’ पुष्कळदा उत्तर येत नाही. कवितेला हा प्रश्न कोणी विचारू नये. परंतु माहिती देणाऱ्या, वाट दाखवणाऱ्या गद्याला तो विचारल्यावाचून गत्यंतर नाही.

वसईकडच्या एका लहानशा नियतकालिकाचे काम आम्ही बरीच वर्षे पाहत आहोत. आमचे वाचक घाईतले. कोणी वाडीचे शिंपणे आटोपून अंक उघडतो, कोणी विरारच्या लोकलमध्ये उभ्याउभ्या चाळतो. आता तर पुष्कळांच्या हाती छापील पानाऐवजी मोबाइलचा पडदा असतो आणि बोट जरा वर सरकले की लेख मागे पडतो. वाचक लेखकाचा बांधील नसतो. तो कोणत्याही ओळीवरून उठून जाऊ शकतो, आणि जाताना सांगूनही जात नाही.

हे भान आपल्या भाषेला आजच आले आहे असे नाही. इंग्लंडातून १५७९ साली गोव्यास आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली राशोल येथे छापले गेले. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी आपली रीत सांगून ठेवली आहे. शुद्ध मराठी सामान्य लोकांना कळत नाही, म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द टाळले आणि स्थानिक बोलीतले सोपे शब्द जागोजागी मिसळून कवित्व सुगम केले, असा त्याचा आशय आहे. मराठीचे मनोभावे कौतुक करणाऱ्या या कवीला अवघड शब्द येत नव्हते असे कोण म्हणेल? येत असूनही त्यांनी ते बाजूला ठेवले. समोर कोण बसले आहे, हे त्यांना ठाऊक होते.

दुसरे उदाहरण लोकहितवादींचे. गोपाळ हरी देशमुख यांनी १८४८ सालापासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात पत्रे लिहिली. ती एकशे आठ झाली, तरी आपण त्यांना ‘शतपत्रे’च म्हणतो. बहुतेक पत्रे आटोपशीर. एका पत्रात सहसा एकच विषय, आणि मुद्द्याला हात घालण्यास विलंब नाही. मागचा अंक हुकलेल्या वाचकालाही चालू अंकातले पत्र समजावे, अशी त्यांची ठेवण आहे. गद्याला पुढे काय काय करता येईल, याची चुणूक त्या पत्रांत दिसते.

ही झाली मोठ्यांची उदाहरणे. साध्या माहितीपर लेखात प्रत्यक्ष काय पणाला लागते, हे आम्हांला एका वारसनोंदीच्या लेखाने शिकवले.

काही वर्षांपूर्वी कायद्याच्या एका जाणकार गृहस्थांनी आमच्याकडे लेख पाठवला. घरातील जमीनधारक वारल्यावर सातबाऱ्यावर वारसांची नावे कशी लागतात, हा विषय. माहिती बिनचूक होती. आरंभ मात्र असा : ‘मयत खातेदाराच्या पश्चात वैध वारसांनी विहित मुदतीत संबंधित प्राधिकाऱ्याकडे अधिकारसंपादनाची वर्दी देणे बंधनकारक आहे.’ त्यानंतर दीड पान १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचा इतिहास. मुलींच्या हक्काचे वाक्य अगदी शेवटच्या परिच्छेदात, तेही ‘तथापि’ने सुरू होणारे.

छापण्यापूर्वी तो मजकूर आम्ही शेजारच्या एका मावशींना वाचून दाखवला. त्यांचे पती दोन महिन्यांपूर्वी निवर्तले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘समदं बरोबर असंल, पण म्या उद्या जाऊ कुठं?’

आम्ही लेखकाच्या घरी गेलो. एक संध्याकाळ खपून दोघांनी मिळून लेख पुन्हा मांडला. नवा आरंभ असा झाला : ‘घरातील जमीनधारक वारला, तर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्या. तोंडी सांगितले तरी चालते. पण लेखी द्या आणि पोच मागून घ्या.’ त्याखाली सोबत काय न्यायचे ते : मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावे, पत्ते व नाते. अधिनियमाचा इतिहास दोन ओळींत मावला.

लेखकमहाशयांना शंका होती, की सोपे करताना खोटे तर होत नाही ना? ही शंका प्रत्येक लिहिणाऱ्याने बाळगावी अशीच आहे. ‘मुलीचा हक्क मुलाइतकाच’ हे वाक्य सुटसुटीत खरे, परंतु अपुरे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमानुसार ख्रिस्ती मनुष्य मृत्युपत्र न करता वारला, पत्नी व मुले मागे असली, तर एक तृतीयांश वाटा पत्नीचा; उरलेला मुलगे आणि मुली यांत सारखा. ‘मृत्युपत्र न करता’ हे तीन शब्द गाळले तर लेख हलका होईल, पण वाचणारीची फसगत होईल. ते तीन शब्द आम्ही ठेवले, आणि ते वाक्य शेवटच्या परिच्छेदातून उचलून दुसऱ्या परिच्छेदात आणले.

ही जागा का बदलली, ते स्पष्ट सांगायला हवे. वारसांच्या यादीतून लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावे गळतात, हे आपल्याकडे नवे नाही. हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेतली जाते. कागद कशाचा हे तिला कधी कळते, कधी कळत नाही. बहीण राजीखुशीने हक्क सोडत असेल तर तो तिचा अधिकार आहे. परंतु काय सोडतो आहोत हे कळल्यावाचून झालेली सही राजीखुशीची कशी म्हणावी? दुर्बोध मजकूर कोणाच्या बाजूचा नसतो असे आपण समजतो. आमचा अनुभव निराळा आहे. ज्याला आधीपासून माहीत आहे, त्याच्याच बाजूने तो उभा राहतो.

म्हणून नव्या लेखकांना आम्ही अलंकारांविषयी फारसे सांगत नाही. शीर्षकात विषयाचे नाव असू द्या, कोडे नको. ज्याच्यासाठी वाचक आला, ते पहिल्या दोन वाक्यांत द्या, पार्श्वभूमी नंतर. एका परिच्छेदाला एकच काम सांगा. क्रियापद कर्त्याजवळ ठेवा : ‘वर्दी देण्यात यावी’ म्हणू नका, कोणी द्यावी ते सांगा. परिभाषेतला शब्द कचेरीत विचारला जाणार असेल, तर तो गाळू नका. ‘फेरफार’, ‘पोच’, ‘हक्कसोड’ हे शब्द अर्थासह शिकवा, म्हणजे खिडकीपाशी उभे राहिल्यावर वाचक गांगरणार नाही. अट असेल तर ती नियमाच्या शेजारीच बसवा. आणि छापण्यापूर्वी मजकूर अशा एका माणसाला मोठ्याने वाचून दाखवा, ज्याला त्या विषयाची गरज आहे. विद्वान स्नेही शुद्धलेखन तपासतील. गरजवंत अर्थ तपासतो.

यातून साहित्य निर्माण होईल का, असे एका तरुण मित्राने आम्हांला विचारले होते. होईल न होईल. परंतु लिहिणाऱ्याने स्वतःला मागे ठेवून वाचणाऱ्याला पुढे बसवणे, ही मोठ्या लेखनाचीही पूर्वअट असावी असे आम्हांला वाटते. तो वारसनोंदीचा लेख आता विस्मरणात गेला असेल. त्यात एकही वाक्य कोणी पाठ करावे असे नव्हते. मात्र मावशींनी त्याचे पान फाडून पिशवीत घातले आणि तलाठ्याच्या कचेरीत नेले. वारसांच्या यादीत त्यांच्या दोन्ही मुलींची नावे होती.