नूतनची कोणती?

नूतनची सर्वोत्तम भूमिका निवडायची म्हटलं की जुन्या सिनेमांच्या चाहत्यांत हमखास दोन तट पडतात. शोभना समर्थांच्या या लेकीला फिल्मफेअरने पाच वेळा सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरवलं. ‘सीमा’, ‘सुजाता’, ‘बंदिनी’, ‘मिलन’, ‘मैं तुलसी तेरे आंगन की’. त्यात ‘सौदागर’मधली गूळ करणारी महजुबी नाहीच! कसलेल्या हातांनी खजुराचा रस आटवणारी ती बाई अमिताभलाही झाकोळून टाकते.

तरीही पारडं झुकतं ‘बंदिनी’कडे. 1963 चा बिमल रॉय यांचा हा चित्रपट. त्यातला विष घालण्याचा प्रसंग पुन्हा बघावा. रात्रीची वेळ, बाहेर लोखंडावर पडणारे घणाचे घाव, वेल्डिंगचा प्रकाश चेहऱ्यावर क्षणभर लखकन पडतो आणि विझतो. नूतनची कल्याणी रडत नाही, किंचाळत नाही. संवाद जवळपास नाहीतच. फक्त डोळे हळूहळू बदलत जातात आणि एक सोशीक मुलगी खुनी झालेली आपल्याला दिसते.

‘सुजाता’तली नूतन सहानुभूती मिळवते. कल्याणी ती मागतच नाही, गुन्हा स्वतः कबूल करते.

म्हणून मत ‘बंदिनी’लाच. महजुबीचा नंबर दुसरा, पहिला अगदी थोडक्यात हुकलेला.