किटलीतून पडणारी धार

मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांतून रात्री शिट्टी वाजवत फिरणारा गुरखा आणि त्याच्या कमरेची खुकरी एकेकाळी लहान मुलांच्या कौतुकाचा विषय होती. ती खुकरी घडते कुठे, हे पाहायचे तर बिहारमधल्या जोगबनीची सीमा ओलांडून विराटनगरमार्गे धरान गाठावे लागते. तिथून रस्ता डोंगर चढू लागतो. धनकुटा, हिले मागे पडतात, गाडी अरुण नदीपर्यंत खाली उतरते आणि पलीकडच्या डोंगरावर येते पूर्व नेपाळमधले भोजपूर. 'भोजपुरे खुकुरी' म्हटले की नेपाळी माणसाला आणखी काही सांगावे लागत नाही.

लोहाराच्या भट्टीच्या जागेला इथे 'आरन' म्हणतात. आपल्या ऐरणीची आठवण व्हावी असाच शब्द! बाहेरच्या उन्हातून आत आलेल्याला क्षणभर काहीच दिसत नाही. पण हा अंधार गैरसोयीचा नाही, कामाचा आहे. तापलेल्या पोलादाचा खरा रंग उजेडात कळत नाही, आणि इथे सगळा हिशेब रंगावर चालतो.

पाते बहुधा मोडीत निघालेल्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पट्टीतून काढतात. शिकाऊ मुलगा आधी भाता सांभाळतो, मग घण मारतो, कानस चालवतो. पहिले पाते त्याच्या हाती येते तेव्हा घडवण्याचे कष्ट संपलेले असतात, परीक्षा मात्र उरलेली असते. खुकरीला पाणी पाजायचे असते. ठोकून आकार दिलेले पाते दिसायला खुकरीच, पण लाकडावर घाव घातला तर त्याची धार मुडपते.

यासाठी लागते साधी चहाची किटली. कोळशात पाते चेरीसारखे लाल होईपर्यंत तापवायचे. साधारण ७७० अंशांच्या पुढे लोखंडाला चुंबकही चिकटत नाही, पण आरनात चुंबकाचे काम डोळाच करतो. मग सांडशीत पाते धरून किटलीच्या तोटीतून पाण्याची बारीक धार नेमकी पात्याच्या धारेवरून, त्या वाकणासकट, पुढेमागे फिरवायची. धार झटकन थंड होऊन कडक होते, पाठ मात्र सावकाश निवते आणि चिवट राहते. संपूर्ण पाते पाण्यात बुडवले तर ते काचेसारखे ठिसूळ होण्याची भीती असते. म्हणून किटली!

हात थरथरला, पाणी एकाच जागी पडले किंवा पाते फाजील तापलेले असले, तर बारीकसा 'टिंग' आवाज येतो. तो ऐकताच आरनातले सगळे समजून चुकतात. केसाएवढी चीर पडलेली असते आणि तिला कुठलाच उपाय नसतो. सारी मेहनत पुन्हा भंगारात.

आवाज आला नाही, तरी काम अर्धेच झालेले असते. पाणी थांबवल्यावर पाठीतली उष्णता हळूहळू धारेकडे परतते. घासून चकचकीत केलेल्या जागी गवताच्या काडीसारखा पिवळट रंग उमटला की कडकपणातला ठिसूळपणा गेला. रंग निळ्याकडे झुकला तर धार मऊ पडते. पिवळ्या-निळ्यातले हे अंतर पुस्तकातून शिकता येईल असे वाटत नाही.

हे सारे जाणणारा कामी समाज १८५४ च्या 'मुलुकी ऐन' कायद्याने अस्पृश्य ठरवला होता. १९६३ मध्ये तो कायदा बदलला, २०११ मध्ये अस्पृश्यतेविरुद्ध स्वतंत्र कायदाही आला. घराघरात दसैंला पुजली जाणारी खुकरी ज्याने घडवली, त्यालाच उंबऱ्याबाहेर उभे करण्याची रीत मात्र कायद्याइतक्या सहज मिटलेली नाही. वर्षभराच्या कामाबद्दल धान्य देण्याची 'बाली' पद्धत, म्हणजे आपले बलुतेच, अनेक घरांना पुरेनाशी झाली. तरुण आखाती देशांत मजुरीला जातात. मागे राहिलेल्या आरनात किटली पुढे कोणाच्या हाती द्यायची, हा बापाचा प्रश्न असतो.

पाते निवल्यावर मुलगा धारेवर कानस फिरवून पाहतो. कानस रुतली तर पाते पुन्हा निखाऱ्यात. घसरली, तर तो काही बोलत नाही, बापाकडे पाहतो. बाप पाते उलटसुलट करून उजेडात धरतो, चीर शोधतो आणि मुठीसाठी शिंगाचा तुकडा पुढे सरकवतो.