मे महिना सोडून ये

कळसाडी, जि. नंदुरबार
मार्गशीर्ष वद्य तृतीया

ती. दादास,


मुद्द्याचं आधी लिहिते. पुढच्या मे महिन्यात गाडी काढून इकडे यायचा बेत रद्द कर. ‘मागच्या वेळी राहिलेली ठिकाणं’ म्हणून तू जी यादी दिलीस, ती मेमध्ये परत राहील. आत्याने यादी वाचली आणि म्हणाली, “यातलं निम्मं गावाचं नाही, पंचांगाचं आहे.”

सारंगखेड्याचंच घे. धुळे, दोंडाईचा करत येताना तापीचा पूल आपण दर उन्हाळ्यात ओलांडला. पलीकडे पोचायची घाई, आणि थांबलो असतो तरी दिसलं असतं मोकळं रान. एकमुखी दत्ताची यात्रा भरते दत्तजयंतीला आणि घोडेबाजारही तेव्हाच. परवा तिथे एक व्यवहार जवळून पाहिला. गिऱ्हाईकाने घोडीचा ओठ वर करून दात पाहिले, म्हणजे वय कळलं. मग मानेवरून हात फिरवत भोवरे शोधले. देवमणाचा भोवरा असला की भाव चढतो, खोड निघाली की उतरतो. शेवटी स्वार बसवून रेवाल चाल पाहिली. स्वाराच्या अंगाला हिसका नाही, डोक्यावरचा फेटा जागचा हलत नव्हता. चारही पाय पांढरे आणि तोंडावर पांढरा पट्टा असा एक पंचकल्याणीही होता, पण त्याची किंमत विचारायची मला छाती झाली नाही.

नंदुरबारला गेले तेव्हा गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या लागल्या होत्या. ओली लाल मिरची उघड्या रानावर पसरायची, उन्हात वाळवायची, बायका बसून देठ खुडतात. एक अवकाळी सर आली की माल काळा पडतो, म्हणून व्यापाऱ्यांचं निम्मं लक्ष आभाळाकडे. मेमध्ये याच जागेवरून आपण एकदाही न शिंकता गेलो असू!

तोरणमाळ तेवढं आपण पाहिलेलं, असं तू म्हणशील. सातपायरीचा घाट चढून यशवंत तलावाकाठी गारव्यात जेवलो, खरंय. पण सीताखाईवर उभं राहून तूच विचारलं होतंस, “धबधबा कुठाय?” तो पावसाळ्यात असतो, दादा.

अस्तंब्याचंही तेच. अश्वत्थामा जखमेला तेल मागत अजून त्या डोंगरांत फिरतो, अशी श्रद्धा; पण त्याच्या शिखराकडे यात्रेकरूंची रांग लागते ती दिवाळीत. त्या दिवसांत आपल्याला फराळाचे डबे सोडवत नाहीत.

कधीही ये आणि पाहा, असं यादीत एकच निघालं: प्रकाशा. तापी आणि गोमाईचा संगम, केदारेश्वराचं देऊळ, दक्षिणकाशी म्हणून मान. तिथल्या टेकाडावर 1955 मध्ये पुरातत्त्व खात्याच्या बा. कृ. थापरांनी उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाण काळातली वस्ती निघाली. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या आसपास माणसं याच काठावर राहत होती. त्यांना बघायला मुहूर्त लागत नाही.

यात चूक कोणाची म्हणू नये. शाळेची सुट्टी मेमध्ये, बाबांची रजा मेमध्ये, म्हणून महाराष्ट्रातली निम्मी घरं मेमध्येच गाव बघतात. पण या जिल्ह्यात शेत, बाजार, देव आणि नाच आपापल्या महिन्यात उघडतात. आपण आलो ते सगळं मिटल्यावर.

आता उरली अक्कलकुवा तालुक्यातली काठीची राजवाडी होळी. उंच बांबू उभा करतात, अंगावर नक्षी रंगवलेले बुध्या आणि बावा घुंगरू बांधून रात्रभर नाचतात, आणि होळी पेटते ती पहाटे. आत्याचा मुलगा न्यायला तयार आहे. फाल्गुन पौर्णिमेच्या आदल्या दिवशी शहाद्याला उतर, पुढचं मी बघते. वहिनी मुलांच्या परीक्षेचं काढेल. तिला सांग, मेमध्ये परीक्षा नसते हे खरं, पण होळीही नसते.

आईला नमस्कार. उत्तर फोनवर नको, रजेचा अर्ज टाकूनच कळव.

तुझी,
धाकटी